‘घेताना डोळे कुठे होते?’

नवी गाडी बिघडली की पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारला जात नाही, मालकाबद्दल विचारला जातो. घेताना डोळे कुठे होते? शोरूममध्ये हाच प्रश्न जरा गोडीत येतो : “साहेब, डिलिव्हरीच्या कागदावर सही तर तुमचीच आहे.” घरचे सरळ विचारतात. आणि मांजरसुंब्याच्या चौकात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीवाल्याला तर येणारा-जाणारा कुणीही विचारून जातो.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर आलं, घाट चढला की मांजरसुंबा लागतं. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो, त्यामुळे रात्र असो की दिवस, वाहनांना खळ नाही. नव्या गाडीतली खोट सपाट रस्त्यावर महिनोन् महिने झाकून राहते. पाच माणसं आणि सामान घेऊन बालाघाट चढताना ती उघडी पडते. तापमानाचा काटा वर जातो, क्लचचा वास सुटतो, डॅशबोर्डवर कसला तरी पिवळा दिवा लागतो. मग टोचन, मग सर्व्हिस सेंटर, आणि तिथे ठरलेली उत्तरं. त्या उत्तरांचा समाचार घ्यायचा म्हणून हा लेख.

धंद्यातल्या लोकांची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात : गाडीत हजारो सुटे भाग असतात, ते शेकडो कारखान्यांतून येतात, एखादा बिघडणारच. त्यासाठी तर वॉरंटी दिली आहे, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो. आम्ही इंजिन बनवत नाही, विकतो. प्रत्येक खडखडाटाला नवी गाडी द्यायची म्हटलं तर शटर ओढावं लागेल. शिवाय लोक सर्व्हिसिंग चुकवतात, भरमसाट ओझं भरतात, कुठलंही डिझेल ओततात आणि मग आमच्या नावाने बोंब मारतात. हे शेवटचं खरं आहे. ऐंशी हजार किलोमीटर पळवलेल्या गाडीचा क्लच गेला म्हणून कंपनीला शिव्या देणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, आणि असली तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकत नाही, टिकूही नये.

पण बाकीचा सगळा युक्तिवाद एकाच सोयीवर उभा आहे. पैसे एका पावतीवर घ्यायचे आणि जबाबदारी तिघांत वाटायची. डीलर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी डीलरकडे, आणि दोघं मिळून चालवणाऱ्याकडे.

डोळ्यांचंच आधी बघू. माल विक्रीचा १९३० चा कायदा इंग्रजी अमदानीतला, ग्राहकाचे लाड करणारा मुळीच नाही. पण त्यातलं कलम १६ सांगतं की जो माणूस ज्या मालाचा व्यापार करतो, त्याने विकलेला तो माल विकण्याजोग्या दर्जाचा असलाच पाहिजे. ही अट पावतीवर न लिहिताही सौद्यात असते. आणि ग्राहकाने माल तपासून घेतला असेल तर? तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते तेवढ्यांपुरतीच ही अट उरत नाही. दरवाजावर चरा होता आणि तो पाहून गाडी नेली, तर डोळे कुठे होते हा प्रश्न रास्त आहे. पण हार घालून, नारळ फोडून, शोरूमच्या आवारात फेरी मारणाऱ्या माणसाला गिअरबॉक्समधली खोट कशी दिसणार? डिलिव्हरीच्या कागदावरची सही म्हणजे गाडी ताब्यात मिळाल्याची पोच. इंजिन निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र ग्राहक देत नसतो. पावतीच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, पावतीत सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आता ‘आम्ही फक्त विकतो’ या वाक्याकडे येऊ. त्याची दुसरी बाजू गोव्यातल्या एका खटल्यात दिसली. २०११ साली एका ग्राहकाने टाटा मोटर्सच्या डीलरकडून नवी म्हणून गाडी घेतली, पैसे त्या सालच्या मॉडेलचे मोजले. हातात आली ती २००९ ची गाडी. सहाशेहून अधिक किलोमीटर पळालेली, खालचा पत्रा गंजलेला, चाकांच्या रिमवर चरे. जिल्हा मंचाने डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं : गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे व्याजासह परत करा. राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने तेच कायम ठेवलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. डीलर हा कंपनीचा नोकर किंवा दलाल नाही. तो गाड्या स्वतः विकत घेतो आणि स्वतःच्या नावावर विकतो, त्यामुळे त्याची लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवल्याखेरीज कंपनीला दोषी धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. डीलरची जबाबदारी मात्र तशीच राहिली.

निकालाचा मान ठेवून सांगतो, त्यातला हा भाग मला पटत नाही. दारावर पाटी कंपनीची, कर्मचाऱ्यांच्या शर्टावर चिन्ह कंपनीचं, जाहिरात कंपनीची. आणि फसवणूक झाली की डीलर तेवढा स्वतंत्र व्यापारी! दोन वर्षं जुनी गाडी कुठल्या गोदामात पडून आहे हे कंपनीच्या हिशेबात नसतं, यावर विश्वास ठेवायला मोठं मन लागतं. पण निकाल आहे तो आहे, आणि गंमत अशी की तो डीलर मंडळींच्याच अंगावर येतो. तुम्ही स्वतंत्र व्यापारी असाल, माल स्वतःच्या नावावर विकत असाल, तर ‘आम्ही फक्त विकतो’ हा तुमचा बचाव राहत नाही, कबुलीजबाब होतो. ग्राहकाने यातून एवढंच घ्यायचं की तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करायचं, आणि कोणाचा दोष काय हे वेगवेगळं मांडायचं. गाडी जुनी निघाली तर डीलर, इंजिन सदोष निघालं तर कंपनीही. गाडीच्या वयाचा तर शोध घ्यायलाही लागत नाही. नोंदणीसाठी डीलर जो नमुना २१ देतो, त्या विक्री प्रमाणपत्रात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावं लागतं. हप्त्याच्या कागदांवर धडाधड सह्या करताना हा एक कागद तेवढा वाचावा.

डीलरांच्या हातातलं सर्वांत जड हत्यार म्हणजे वॉरंटीचं पुस्तक. ‘बघा, लिहिलंय : सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलू. गाडी बदलून देऊ असं कुठे लिहिलंय?’ वर मारुतीच्या २००६ च्या खटल्याचा दाखला असतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता आणि वॉरंटीप्रमाणे भाग बदलण्यापुरतीच कंपनीची जबाबदारी मानली होती. दाखला खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा. त्या प्रकरणात एका भागातला दोष दूर करून गाडी नीट होणार होती, म्हणून तेवढंच द्या, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. भाग बदलूनही गाडी नीट होत नसेल तर काय, हा प्रश्न तिथे सुटला नव्हता. तो सुटला २०१० साली, फियाटच्या एका गाडीच्या खटल्यात : तटस्थ तंत्रज्ञाने मूळ उत्पादनातलाच दोष असल्याचं सांगितलं, तर गाडीची किंमत, आजीवन कर आणि हप्त्यांची रक्कम १२ टक्के व्याजाने परत करा. त्याच्याही आधी, २००४ साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका डिझेल गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने सदोष गाडी नवी कोरी म्हणून विकणं आणि वर जबाबदारी नाकारत भांडत बसणं, या दोन्हींवर तीव्र नापसंती नोंदवली होती. प्रीमियर म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेली, कुर्ल्यात गाड्या बनवणारी कंपनी, एके काळी मराठी माणसाच्या अभिमानाची. अभिमान एका जागी, गाडी दुसऱ्या.

मुळात वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या लेखणीने स्वतःसाठी लिहिलेली मर्यादा. संसदेने केलेला कायदा तिच्या पानांत बसत नाही. २०१९ च्या कायद्याचं कलम ३९ आयोगाला दोष काढायला लावण्याचा, माल बदलून द्यायला लावण्याचा, किंमत व्याजासह परत करायला लावण्याचा आणि वर भरपाई देण्याचा अधिकार देतं. त्यातलं काय द्यायचं हे आयोग ठरवतो, वॉरंटीचं पुस्तक छापणारा ठरवत नाही.

इथे कायद्यातली खरी उणीवही सांगितली पाहिजे, ती धंदेवाल्यांच्या सोयीची आहे. एकाच दोषासाठी गाडी किती वेळा आत गेली म्हणजे ती सदोष मानायची? आपला कायदा आकडा देत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये पहिला ‘लेमन लॉ’ केला आणि हळूहळू सगळ्या राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. तिथलं साधारण सूत्र असं की एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती फसली, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर ती सदोष असल्याचं गृहीत धरायचं. नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. आपल्याकडे असा आकडा नाही, म्हणून सातव्यांदा गेलेल्या गाडीलाही ‘एकदा शेवटचं बघू या’ म्हणता येतं. गाडी तिकडे शेडमध्ये धूळ खात असते आणि फायनान्सवाल्याचा हप्ता इकडे दर महिन्याला खात्यातून जात असतो. हा आकडा कायद्यात यायलाच हवा.

‘दोष सिद्ध करा, तज्ज्ञ आणा’ हे पुढचं उत्तर. हा डाव जुना. ग्राहकाने अभियंता आणावा, अभियंत्याला गाडी उघडू द्यायची नाही, उघडली तर वॉरंटी संपली म्हणून सांगायचं. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या प्रकरणात हा डाव फसला. गाडी २०१५ ची, अपघात २०१७ चा. समोरून धडक बसली, माणूस जबर जखमी झाला, एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीचं म्हणणं होतं की धडक पुरेशा जोराची नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवरून धडकेचा हिशेब मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो, असा त्या निकालाचा आशय. गाडी बदलून देण्याचा आणि ३ लाखांच्या भरपाईचा आदेश कायम राहिला. काही गोष्टी स्वतःच बोलतात, त्यांना साक्षीदार लागत नाही.

प्रत्येक दोष इतका बोलका नसतो, हेही खरं. इंजिनचा आवाज, घाटात पिकअप न घेणं, अधूनमधून लागणारा दिवा, अशा दोषांसाठी तपासणी लागते, आणि ती मागण्याची सोय कायद्यातच आहे : तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग योग्य संस्थेकडून ती करून घेऊ शकतो. पण त्याच्याही आधीचा पुरावा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तयार होत असतो आणि आपण तो तयार होऊ देत नाही. जॉब कार्ड. ग्राहक सांगतो, ‘घाटात गाडी तापते, मागच्या वेळीही तापली होती.’ कार्डावर उतरतं, ‘जनरल चेकअप’. गाडी परत मिळते तेव्हा शेरा असतो, ‘दोष आढळला नाही’. अशी चार कार्डं जमली की कंपनीचा वकील ती आयोगापुढे ठेवून विचारतो, दोष होता तर कार्डावर का नाही? ग्राहकाने सही केलेली असते, कारण मागे रांग असते आणि गाडी घेऊन गावाकडे परतायचं असतं. तक्रार आपल्या शब्दांत, किलोमीटर आणि तारखेसह लिहिल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नये. लिहायला नकार दिला तर तिथेच उभं राहून कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करावा, तारीख आपोआप पडते. सर्व्हिस ॲडव्हायझरला राग येतो, येऊ द्यावा.

ज्या उत्तराची मला सर्वांत चीड येते ते बीड जिल्ह्यात जरा जास्तच चालतं. ‘तुमची गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही.’ नेकनूरच्या बाजाराला जनावरं नेणारा पिकअपवाला, चौकात सवाऱ्यांची वाट बघणारा, कर्ज काढून गाडी लाईनवर लावलेला पोरगा, कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टरवाला, या सगळ्यांना हे ऐकवून परत पाठवता येतं, कारण व्यावसायिक हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक नाही असं कायद्यात खरोखरच लिहिलं आहे. मात्र त्याच्याच पुढे स्पष्टीकरण आहे, ते कुणी वाचून दाखवत नाही : स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठीच घेतलेला माल व्यावसायिक हेतूचा मानायचा नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ आखून दिली. त्या उद्योगाचा दावा फेटाळला गेला, पण निकालात जी उदाहरणं आली ती आपल्या चौकातली वाटावीत अशी आहेत. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक. ट्रक घेऊन स्वतः भाडी मारणारा ग्राहक. गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हातून चालवणारा मात्र नाही. मोठ्यांच्या बाबतीत तर ही रेघ आणखी उदार झाली आहे. मर्सिडीजच्या एका गाडीबाबत २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनीने आपल्या संचालकाच्या वापरासाठी महागडी मोटार घेतली, तरी तेवढ्यावरून ती व्यावसायिक हेतूची होत नाही. संचालकाच्या मर्सिडीजला न्याय आणि पिकअपवाल्याची हकालपट्टी, हे कुठल्या कलमात बसतं ते शोरूमवाल्यांनी सांगावं. पिकअपवाल्याने एवढंच करायचं की तक्रारीत सुरुवातीलाच स्पष्ट लिहायचं : गाडी मीच चालवतो आणि घर तिच्यावरच चालतं.

‘करा तक्रार, काय होतंय बघू’ असंही उत्तर असतं. त्यात उद्धटपणा आहे आणि दुर्दैवाने थोडं तथ्यही. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ साली बीएमडब्ल्यू घेतली, चार-पाच दिवसांत ती बिघडली, आणि ५० लाखांच्या भरपाईचा शेवटचा आदेश यायला जुलै २०२४ उजाडला. ते प्रकरण फौजदारी वाटेने गेलं होतं, पण पंधरा वर्षं ती पंधरा वर्षंच. ग्राहक आयोगांत कायद्याने तक्रार शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली निघायला हवी. प्रत्यक्षात आयोगांवर माणसंच नेमली जात नाहीत, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला या रिकाम्या खुर्च्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, ग्राहक चळवळीचं ज्या राज्याला इतकं कौतुक आहे तिथे ही तऱ्हा आहे. याचा दोष सरकारचा, आणि त्याचा फायदा उचलणाऱ्या कंपन्यांचाही.

तरीही ‘काय होतंय बघू’ म्हणणाऱ्याचा हिशेब पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. जुन्या कायद्यात बहुतेकदा जिथे डीलर किंवा कंपनी, तिथे धाव घ्यावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी संभाजीनगरच्या शोरूममधून घेतलेली असो, कारखाना चेन्नईजवळ असो, मांजरसुंब्याच्या माणसाचा खटला बीडला चालतो आणि कंपनीच्या वकिलाला बीडला यावं लागतं. गाडीचे ५ लाखांपर्यंत मोजले असतील तर शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. एवढ्यात डिझेलची टाकीही भरत नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवली तर काही कंपन्या तिथेच नरम येतात. जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपील करायचं तर कंपनीला आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेशच पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड, किंवा दोन्ही.

ही सगळी सोय एका मुदतीच्या आत आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्यानंतर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, आणि पटेलच असं नाही. वॉरंटी मात्र बऱ्याचदा तीन वर्षांची असते. आपण वॉरंटीत आहोत म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि दर फेरीला ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ ऐकून घरी येतो. तिसऱ्या वर्षी तो भानावर येतो तेव्हा कंपनीचे वकील पहिल्या जॉब कार्डची तारीख दाखवून मुदत गेली म्हणायला मोकळे असतात. ज्या कार्डावर दोष लिहायला नकार होता त्याच कार्डावरची तारीख मग त्यांच्या कामाला येते. म्हणून ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणाले की तेही वाक्य, तसंच्या तसं, तारखेसह कार्डावर लिहून घ्यायचं आणि दोन वर्षांचा हिशेब त्या दिवसापासून नाही, पहिल्यांदा काटा वर गेला त्या दिवसापासून धरायचा.